साखरझोप नेमकी कधी मोडावी? झोपेची चक्रं आणि ताजंतवानं उठण्याची वेळ

साडेदहाला डोळा लागला तर सहाला उठा, अकराला लागला तर साडेसहाला. नव्वद मिनिटांची पाच चक्रं मोजून उठायची वेळ सांगणारे असे तक्ते फोनवर सगळीकडे फिरत असतात. त्यामागचा मूळ मुद्दा खरा आहे. झोप रात्रभर एकसारखी नसते, ती चक्रांनी येते, आणि गाढ टप्प्यातून ओढून काढलेला माणूस बराच वेळ भानावर येत नाही. पण तक्त्यातला हिशेब कच्चा आहे, आणि त्याच्या भरवशावर लोक 'तीन चक्रं पूर्ण झाली' म्हणत साडेचार तासांच्या झोपेवर समाधान मानू लागतात, हे तर सरळ नुकसानीचं आहे. तुमची उठायची योग्य वेळ दोन-तीन आठवड्यांच्या नोंदीतून सापडते. ती कशी शोधायची, आणि शोधताना काय चुकतं, ते पुढे दिलं आहे.

रात्रभरात काय घडतं

डोळा लागल्यावर पहिली काही मिनिटं एन-१ हा सर्वांत हलका टप्पा असतो. पेंग म्हणतात ती हीच. कुणी हाक मारली तर 'मी जागाच होतो' असं माणूस ठासून सांगतो. पायरी चुकल्यासारखा अंगाला अचानक झटका बसतो, तोही याच टप्प्यात. त्यानंतर एन-२ येतो. श्वास संथ होतो, हृदयाचे ठोके मंदावतात, अंगाचं तापमान उतरू लागतं. मोठ्या माणसाची जवळपास निम्मी झोप या टप्प्यात जाते. मग एन-३, म्हणजे खरी गाढ झोप. मेंदूच्या लहरी मोठ्या आणि संथ होतात. इथून माणसाला उठवायचं तर गदागदा हलवावं लागतं. लहान मूल गाडीतून उचलून घरात आणून अंथरुणावर ठेवलं तरी डोळे उघडत नाही, ते या टप्प्यामुळे.

गाढ झोपेतून मेंदू पुन्हा हलक्या टप्प्याकडे येतो आणि रेम झोप सुरू होते. बंद पापण्यांखाली बुबुळं भराभर हलतात, ठळक स्वप्नं पडतात, हातापायांचे स्नायू मात्र पार ढिले पडलेले असतात. शिकागो विद्यापीठातल्या युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी १९५३ साली या झोपेविषयी पहिल्यांदा लिहिलं आणि रात्रीच्या झोपेला टप्पे असतात ही गोष्ट शास्त्रात पक्की रुजू लागली.

एन-१ पासून रेमपर्यंत एक चक्र. सरासरी ९० मिनिटांचं, पण पहिलं चक्र ७० ते १०० मिनिटांत आटोपतं आणि पुढची ९० ते १२० मिनिटांपर्यंत ताणतात. रात्रीतून अशी चार ते सहा चक्रं होतात. एक चक्र संपून दुसरं सुरू होताना माणूस क्षणभर जागा होतो, कूस बदलतो, चादर ओढतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी त्यातलं काही आठवत नाही.

आता खरी महत्त्वाची गोष्ट. सगळ्या चक्रांचा ऐवज सारखा नसतो. समजा, पावणेअकराला डोळा लागला. सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान गाढ झोपेचा मोठा पट्टा येतो, मग पाच-दहा मिनिटांची छोटीशी रेम. एकच्या सुमारास पुन्हा गाढ झोप, थोडी आखूड. दोन-अडीचनंतर गाढ झोप विरळ होत जाते. साडेतीन-चारपासून सकाळपर्यंत एन-२ आणि रेम यांचाच आलटून पालटून खेळ चालतो, आणि पहाटेची एकेक रेम अर्ध्या तासाची किंवा त्याहूनही लांब असते. साखरझोप म्हणतात ती हीच. पहाटेची स्वप्नं लक्षात राहतात, त्याचं कारणही हेच: त्या वेळी स्वप्नं पडायला वाव जास्त असतो आणि जाग येणारं दार जवळ असतं.

नव्वदचा पाढा कुठे चुकतो

तुमचं चक्र सरासरी ८० मिनिटांचं असेल, तर पाच चक्रं ६ तास ४० मिनिटांत होतात. १०० मिनिटांचं असेल तर त्याच पाच चक्रांना ८ तास २० मिनिटं लागतात. दोन्ही माणसं पूर्णपणे निरोगी, आणि फरक १ तास ४० मिनिटांचा, म्हणजे एका अख्ख्या चक्राहून मोठा. त्यात डोळा नेमका कधी लागला हे कुणालाच सांगता येत नाही, तिथे दहा-पंधरा मिनिटांची चूक आलीच. शिवाय एकाच माणसाची चक्रंही रोज सारखी नसतात. दिवसभर उन्हात राबल्यावर, आदल्या रात्री जागरण झाल्यावर किंवा ताप असताना आराखडा बदलतो. एवढ्या चुका पोटात घेऊन तक्ता '६ वाजून १४ मिनिटं' असं सांगतो, तेव्हा त्या १४ ला काही अर्थ नसतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. पूर्ण झोप घेतलेल्या माणसाला पहाटे गाढ झोप जवळपास उरलेलीच नसते. सात-साडेसात तासांनंतर गजर कोणत्याही मिनिटाला वाजला तरी तो बहुधा हलक्या टप्प्यातच सापडतो. उलट पाच तास झोपणाऱ्याचा मेंदू मिळेल त्या वेळात गाढ झोप कोंबायला बघतो, आणि झोपेची थकबाकी असेल तर हलक्या टप्प्यातून उठूनही डोकं जडच राहतं. म्हणजे चक्राच्या युक्तीची गरज ज्याला सर्वांत जास्त वाटते, त्यालाच ती सर्वांत कमी उपयोगी पडते. आधी तास पुरे करा, मिनिटांचा विचार नंतर. मोठ्या माणसाला रोज किमान सात तास झोप हवी, ही झोपतज्ज्ञांची शिफारस आहे. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १०, आणि ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास.

दुसरं घड्याळ

चक्रांशिवाय शरीरात चोवीस तासांचं एक घड्याळ चालतं. डोळ्यांकडून येणारे मज्जातंतू जिथे एकमेकांना छेदतात, त्याच्या अगदी वर मेंदूत त्याचं केंद्र आहे. या घड्याळानुसार अंगाचं तापमान रोजच्या उठण्याच्या वेळेआधी साधारण दोन-तीन तास सर्वांत खाली असतं. रोज साडेसहाला उठणाऱ्यासाठी ही वेळ चारच्या आसपास येते. त्या सुमारास उठावं लागलं, तर चक्र पूर्ण झालेलं असो वा नसो, अंग उठत नाही. पहाटे चारच्या गाडीसाठी उठल्यावर जे होतं ते हेच.

त्यानंतर तापमान चढू लागतं, कॉर्टिसोल हे संप्रेरक वाढू लागतं, शरीर उठण्याची तयारी करतं. पण ही तयारी नेमकी कधी सुरू करायची, हे शरीर सवयीवरून ठरवतं. रोज एकाच वेळी उठणाऱ्या माणसाला गजराच्या दोन मिनिटं आधी जाग येते, ती यामुळे. झोपेच्या बाबतीत एकच सवय लावायची झाली तर उठण्याची वेळ पक्की करा. झोपायची वेळ आठवड्याभरात तिच्या मागे येते.

हे घड्याळ मुळात चोवीस तासांहून जरासं मंद, सरासरी २४.२ तासांचं आहे. म्हणून माणूस आपोआप उशिरा झोपण्याकडे सरकतो आणि लवकर झोपणं त्याला जड जातं. घड्याळ रोज पुन्हा वेळेवर आणायचं काम सकाळचा उजेड करतो. इथे आपल्याकडची एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बेतलेली आहे आणि मुंबई ७३ अंशांच्या जवळ. म्हणून मुंबईचा सूर्य घड्याळाच्या जवळपास ३९ मिनिटं मागे चालतो. जानेवारीत मुंबईत सव्वासातच्या सुमारास उजाडतं, मेअखेरीस सहाच्या सुमारास. नागपूरला मुंबईपेक्षा साधारण पंचवीस मिनिटं आधी सूर्य दिसतो. साडेपाचचा गजर नागपुरात मे महिन्यात सोपा आणि मुंबईत जानेवारीत कठीण वाटतो, तो आळस नव्हे.

ब्राह्ममुहूर्तावर उठण्याचा आग्रह अनेक घरांत असतो. तो मुहूर्त सूर्योदयावरून मोजतात: सूर्योदयाआधी ९६ मिनिटांपासून ४८ मिनिटांपर्यंत. म्हणजे जानेवारीत मुंबईत तो ५ वाजून ३९ मिनिटांच्या आसपास सुरू होतो. घड्याळात चार वाजले म्हणून उठायचं, असं त्यात काही नाही. साडेनऊला दिवे मालवणाऱ्या घरात ही वेळ उत्तम आहे. रात्री बाराला झोपून साडेपाचला उठणारा मात्र बरीचशी साखरझोप गमावतो, आणि त्याबरोबर रात्रीच्या रेम झोपेचा मोठा वाटाही.

आपली वेळ कशी शोधायची

एक वही घ्या आणि उशाशी ठेवा. फोनमध्ये नोंद करायची म्हटली की नोंदीबरोबर बाकीचंही बघितलं जातं, म्हणून वहीच बरी. रोज सकाळी एवढंच लिहायचं: दिवा कधी मालवला, डोळा लागायला अंदाजे किती वेळ लागला, रात्री किती वेळा जाग आली आणि अंदाजे किती मिनिटं, सकाळी कधी उठलात, गजराने की आपोआप. मग उठल्यावर अर्ध्या तासाने स्वतःला १ ते ५ पैकी गुण द्या. १ म्हणजे पुन्हा आडवं व्हावंसं वाटतं, ५ म्हणजे कामाला तयार. सकाळी अकराच्या सुमारास पेंग आली का, तेही दुपारी लिहून ठेवा.

गुण अर्ध्या तासाने का, हे समजून घ्या. उठल्या उठल्या जी गुंगी असते ती बहुतेकांना १५ ते ३० मिनिटं राहते, कधी तासभरही. चांगली आठ तास झोप झालेल्या माणसालाही पहिल्या पाच मिनिटांत अंथरूण सोडवत नाही. त्या क्षणाच्या भावनेवरून झोप जोखली तर सगळेच नापास होतील. अकराची पेंग हा त्याहून खरा साक्षीदार. दुपारी दोन-तीनला येणारी सुस्ती शरीराच्या घड्याळाची नेहमीची आहे, ती कुणालाही येते. पण पोटात नाश्ता असताना, काम समोर असताना सकाळी अकराला डोळे मिटत असतील, तर रात्रीची झोप कमी पडते आहे.

पहिला आठवडा काहीही बदलू नका, फक्त लिहा. दुसऱ्या आठवड्यापासून उठण्याची वेळ एकच ठेवा, रविवारसकट. झोपायची वेळ मागे मोजून काढा. समजा, पावणेसहाला उठायचं आहे आणि सव्वासात तास झोप लागते असं वाटतं. डोळा लागायला १५ मिनिटं, मध्ये जाग येते त्यासाठी १५ मिनिटं. एकूण पावणेआठ तास अंथरुणात हवेत, म्हणजे दहाला दिवा मालवायचा. इथे बहुतेकांची चूक होते: दहाला अंथरुणात जाणं आणि दहाला दिवा मालवणं यांत ते पाऊण तासाचा फोन घालतात, आणि मग 'आठ तास झोपूनही थकवा जात नाही' अशी तक्रार करतात.

आपल्याला किती तास झोप लागते हे नीट कळायचं असेल तर दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी सोन्यासारखी आहे. सलग सहा-सात दिवस रोज एकाच वेळी झोपा, गजर लावू नका. पहिले दोन-तीन दिवस नऊ-दहा तास झोप लागेल. ती जुनी थकबाकी आहे, ते आकडे खोडून टाका. शेवटच्या तीन दिवसांची सरासरी ही तुमची गरज. कुणाची सात तास येते, कुणाची साडेआठ. साडेआठ आली म्हणून आळशी म्हणवून घेण्याचं काही कारण नाही.

तास पुरे झाले की मगच चक्राची बारीक जुळणी करावी. झोपायची वेळ तीच ठेवून गजर तीन दिवस ५:४५ ला, पुढचे तीन दिवस ६:०० ला, मग तीन दिवस ६:१५ ला लावून बघा. प्रत्येक वेळेच्या गुणांची सरासरी काढा. अनेकांना एखादी वेळ बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे हलकी जाते. कुणाला फरकच दिसत नाही, आणि तेही चांगलंच लक्षण आहे: पहाटे गाढ झोप उरलेली नाही. तीनपेक्षा कमी दिवसांवर निकाल काढू नका. एक रात्र डासांनी किंवा शेजारच्या लग्नाच्या डीजेने बिघडते आणि आकडा फसवतो.

वेळ बदलायची असेल तर एकदम तासभर मागे जाऊ नका. साडेसातला उठणारा माणूस उद्यापासून साडेपाचला उठू लागला, तर तो बरोबर तापमानाच्या तळाशी उठतो. दोन-तीन दिवस ढकलतो आणि चौथ्या दिवशी सोडून देतो. दर दोन-तीन दिवसांनी १५ मिनिटं मागे या. दोन तास मागे यायला तीन आठवडे लागतील, ते लागू द्या. रविवारी तासाभराहून जास्त लोळू नका. शुक्रवार-शनिवारी दोनला झोपून रविवारी दहाला उठणाऱ्याचं घड्याळ उशिराकडे सरकतं, आणि सोमवारी सकाळी त्याची अवस्था दुसऱ्या देशातून विमानाने आल्यासारखी होते.

गजर

गजर एकच, आणि अगदी उठायलाच हवं त्या मिनिटाचा. साडेपाच, पावणेसहा, सहा अशी माळ लावली तर शेवटचा अर्धा तास नुसत्या तुकड्यांत जातो, आणि तो अर्धा तास साखरझोपेचा असतो. साडेपाचला उठायचंच नसेल तर तो गजर काढून टाका, तीस मिनिटांची अखंड झोप हाती लागेल. फोन हात पोचणार नाही इतका लांब, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. कर्कश भोंग्यापेक्षा हळूहळू चढणारा सुरेल गजर बरा. एकाच खोलीत चार-पाच जण झोपत असतील तर मनगटावर थरथरणारं घड्याळ सर्वांत सोयीचं, एकासाठी सगळ्यांच्या झोपेचं खोबरं होत नाही.

हलक्या झोपेत उठवतो असं सांगणाऱ्या घड्याळांचं काय? ती मनगटाची हालचाल आणि नाडीचे ठोके यांवरून टप्प्याचा अंदाज बांधतात. खरा टप्पा मेंदूच्या लहरींवरून कळतो, आणि तो मनगटावर मोजता येत नाही. एकूण किती तास झोपलात हे घड्याळ बऱ्यापैकी सांगतं. 'गाढ झोप ५२ मिनिटं' या आकड्यावर जीव टाकू नका. वापरायचंच असेल तर गजराची खिडकी २० ते ३० मिनिटांचीच ठेवा आणि तिचं शेवटचं टोक म्हणजे तुमची खरी वेळ.

उठल्यावरचा पहिला अर्धा तास

पडदे उघडा, गॅलरीत किंवा अंगणात जाऊन उभे राहा. मोकळ्या आकाशाखाली, ऊन चढलं की १०,००० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) वर उजेड असतो; ट्यूबलाइटच्या खोलीत तो १०० ते ३०० लक्सच्या घरात. डोळ्याला दोन्ही उजेडच वाटतात, शरीराच्या घड्याळाला मात्र नाही. वीस मिनिटं बाहेर चाललात तर गुंगीही उतरते आणि रात्री झोपही वेळेवर येते. सूर्याकडे टक लावून बघू नका, बाहेर असणं पुरेसं आहे. अंधारातच उठावं लागत असेल तर घरातले सगळे दिवे लावा, थंड पाण्याने तोंड धुवा, आणि उजाडलं की मिळेल तेव्हा बाहेर या.

चहा-कॉफीचा परिणाम जाणवायला १५ ते ३० मिनिटं लागतात. दुचाकी काढण्याआधी एवढा वेळ मध्ये असू द्या. दूध, पेपर टाकणारे आणि पहाटेची पाळी गाठणारे कामगार यांच्यासाठी हे जीवाचं आहे: गाढ झोपेतून उठून पाच मिनिटांत गाडी चालवणाऱ्याची नजर आणि ब्रेकवरचा पाय दोन्ही मंद असतात.

आदल्या संध्याकाळी काय बिघडतं

सकाळचा जडपणा बऱ्याचदा आदल्या संध्याकाळी तयार होतो. चहाच्या कपात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफीन असतं आणि ते निम्मं उतरायला पाचेक तास लागतात. साडेसहाला घेतलेल्या दोन कपांतला एक साडेअकराला अंगात असतोच. 'मला चहाने काही होत नाही, पडल्या पडल्या झोप लागते' असं म्हणणाऱ्याचीही गाढ झोप त्याने पातळ होते. दुपारी तीन-चारनंतरचा चहा महिनाभर बंद करून वहीतले गुण बघा. मशेरी आणि तंबाखूतलं निकोटिनही उत्तेजकच आहे. झोपण्यापूर्वी मशेरी लावली की झोप चांगली लागते, हा समज चुकीचा. दारूने डोळा लवकर लागतो, पण पहिल्या भागात रेम दबते आणि उत्तररात्री झोप तुकड्या-तुकड्यांची होते.

रात्रीचं जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास हवेत. मुंबई-पुण्यात दहाला घरी पोचणाऱ्याला हे शक्य नसतं, हे मान्य. मग सात वाजता कचेरीत किंवा प्रवासात पोळीभाजी खा आणि घरी येऊन ताकभात किंवा मुगाची खिचडी एवढंच घ्या. गरम पाण्याची अंघोळ झोपण्याआधी एक-दोन तास केली तर फायदा होतो, कारण त्यानंतर त्वचेतून उष्णता बाहेर पडते आणि आतलं तापमान उतरतं. उकाड्यात पंखा थेट अंगावर, सुती चादर आणि मच्छरदाणी, एवढ्यानेही फरक पडतो.

मध्यरात्री तीनला जाग आली तर ते चक्राचं टोक असतं, आजार नव्हे. घड्याळ बघू नका. वीसेक मिनिटं झोप येत नाही असं वाटलं तर उठून मंद उजेडात बसा, पेंग आली की परत या. तळमळत पडून राहिलात तर अंथरूण आणि जागरण यांची जोडी मेंदूत पक्की होते.

वामकुक्षी

दुपारची डुलकी १० ते २० मिनिटांची असावी, किंवा मग सरळ दीड तासाची. अर्धा-पाऊण तास झोपलात तर नेमके गाढ टप्प्यात शिरता आणि तिथून उठून बराच वेळ डोकं जड राहतं. गजर २५ मिनिटांचा लावा, पाच मिनिटं डोळा लागायला धरून. वेळ एक ते तीनच्या दरम्यान. लांबच्या रात्रीच्या प्रवासात चालकाने सुरक्षित जागी गाडी थांबवून चहा किंवा कॉफी प्यावी आणि लगेच १५-२० मिनिटं झोपावं. जाग येईपर्यंत कॅफीन लागू पडलेलं असतं. पहाटे तीन ते पाच या वेळात खिडकी उघडून आणि गाणी लावून झोप टळत नाही.

मुलं, म्हातारी माणसं आणि पाळीचे कामगार

वयात येणाऱ्या मुलांचं घड्याळ निसर्गतःच उशिरा सरकतं. अकरापर्यंत झोप न येणं ही त्यांची खोड नसते. सातच्या वर्गासाठी साडेपाचला उठवलेल्या दहावीच्या मुलाची झोप साडेसहा तासांवर येते, आणि जाते ती पहाटेची रेम झोप. पाठांतर पक्कं व्हायला रात्रीची अख्खी झोप लागते, हे परीक्षेच्या दिवसांत विशेष जपायला हवं. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवण्याचा निर्णय घेतला. लहानग्यांसाठी तो योग्यच आहे, पण झोपेच्या दृष्टीने त्याची खरी निकड मोठ्या वर्गांना जास्त आहे.

उतारवयात गाढ झोप कमी होते आणि घड्याळ लवकर सरकतं. आजोबा आठला टीव्हीसमोर डुलक्या घेतात आणि तीनला टक्क जागे होतात. त्यांना संध्याकाळी पाच ते सहा बाहेर उजेडात फिरायला न्या आणि झोपायची वेळ रोज पंधरा मिनिटांनी पुढे ढकला.

रात्रपाळीवरून येताना गॉगल घाला, घरी पोचल्यावर खोली काळोखी करून लगेच झोपा, आणि पुन्हा पाळीवर जाण्याआधी दीड तासाची झोप घ्या. पाळ्या बदलायच्याच असतील तर सकाळ, दुपार, रात्र हा क्रम शरीराला सोपा जातो. उलटा क्रम फार त्रासाचा.

डॉक्टरकडे कधी जायचं

तीन-चार आठवडे सात-आठ तास झोपूनही गुण २ च्या वर जात नसतील, तर दोष वेळेत नाही. जोरात घोरणं, मध्येच श्वास थांबून धापेने उठणं, सकाळी डोकं दुखणं, तोंड कोरडं पडणं, सिग्नलला थांबल्यावर पेंग येणं ही झोपेत श्वास अडण्याची लक्षणं आहेत. अशा माणसाचं चक्र रात्रीतून असंख्य वेळा तुटतं आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. बहुधा घरच्यांनाच आधी कळतं. रात्री पाय सतत हलवावेसे वाटत असतील तर शरीरातलं लोह तपासून घ्या. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि उदासीनता याही वाटा डॉक्टर बघतात. जाताना ती वही बरोबर न्या, दहा प्रश्नांची उत्तरं तिच्यात आधीच असतात.

गरज पडली तर झोपेची तपासणी सांगतात. डोक्याला, डोळ्यांजवळ आणि हनुवटीला बारीक तारा, छातीला पट्टा आणि बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावून रात्रभर झोपायचं असतं. नव्या जागी पहिल्या रात्री झोप जरा वेगळी लागते, हे तपासणारे धरूनच चालतात. अहवालात त्या रात्रीचा पायऱ्यांसारखा आलेख असतो. आपली चक्रं पंचाहत्तर मिनिटांची की एकशेदहाची, हे तिथे पहिल्यांदा खरोखर डोळ्यांनी दिसतं.